डावा तेवढा सोडलाय

जेवणाच्या टेबलाखाली मास्तरांचा उजवा पाय लादीवर दाबला गेला. बाहेर कोपऱ्यावर कुणाची तरी गाडी वळत होती. ती वळून गेली. मग पाय उचलला गेला. बायकोने भाजीचा डाव हवेत तसाच धरून ठेवला होता, तो पातेल्यात ठेवला.

*

ट्रकमध्ये गाद्या होत्या. नव्या कोऱ्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, थरावर थर. त्यातली एकही फाटली नाही.

*

गाडी शिकवणाऱ्याचं एका क्रियापदावर भागतं. क्लच सोड. हळू सोड. एकदम नको सोडू. ब्रेकवरचा पाय सोड. त्याला पुढे जायचंय ना, जाऊ दे, सोड. आता भीती सोड.

*

विम्याचा माणूस स्वतःची उशी घेऊन येतो. छोटी, करड्या खोळीची. खुर्चीत पाठीमागे ती ठेवतो, दोनदा थोपटतो आणि मगच टेकतो. त्याची पाठ दुखते. दुसऱ्यांच्या अपघातांसाठी फिरून फिरून दुखायला लागली, असं तो म्हणतो.

*

"ताई, क्लच झाला," भाऊ फोनवर म्हणाला होता. त्याच्या मागे कुणीतरी पत्रा ठोकत होतं. "डावा तेवढा सोडलाय. सामान आलं की बघू. भाऊजींना सांग."

तिच्या हातांना साबणाचा फेस होता. फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला होता.

"सांगते," ती म्हणाली होती.

*

सरांचा गुडघा सरळ झाला की गाडी थांबते. औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीला हे शिकवणीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्या सकाळी चौकाच्या तोंडाशी गुडघा सरळ झाला. ती गाडी थांबायची वाट बघत राहिली.

*

गाडी एकच. पांढरी, टपावर पिवळा फलक असलेली, शिकाऊ लोकांच्या हातून चारही अंगांनी पोचे खाल्लेली. तिला ब्रेक दोन होते. एक उजवीकडे, शिकणाऱ्याच्या पायाखाली. दुसरा डावीकडे, मास्तरांच्या पायाखाली. डावा दाबला की तारेने उजवा ओढला जायचा आणि गाडी थांबायची. शिकणाऱ्याला वाटायचं, आपणच थांबवली. पुष्कळ लोक तेवढ्या गैरसमजावर गाडी शिकून गेले.

रोज सकाळी, पहिला विद्यार्थी यायच्या आधी, मास्तर डाव्या सीटवर बसून आपला ब्रेक दोनदा दाबून बघायचे. एकदा हळू, एकदा झटकन. विद्यार्थी त्यांची नक्कल करायचे. मास्तर ब्रेकला विचारतात, आहेस ना रे घरी? मास्तरांच्या कानावर ते आलं होतं. "असतो म्हणून विचारतो," ते म्हणायचे. "तुमच्यापैकी कुणी डोक्याने घरी नसतं, तेव्हा तो असतो."

अपघात झाला तेव्हा औषधांच्या दुकानातल्या मुलीची ती शेवटची शिकवणी होती. दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा होती. चौकाच्या तोंडाशी उतार होता. गाडी थांबायला हवी होती, ती थांबली नाही, सावकाश पुढे घरंगळत गेली आणि डावीकडून आलेल्या गाद्यांच्या ट्रकसमोर उभी राहिली. चूक ट्रकवाल्याची नव्हती असं सगळ्यांचं मत पडलं, ट्रकवाल्याचंसुद्धा. डावा दरवाजा आत आला आणि दरवाजाबरोबर मास्तरांचा डावा पाय. मुलीला काचेचे ओरखडे आले. मास्तरांच्या नडगीत सळया घातल्या, आणि डॉक्टर म्हणाले, अजून एक शस्त्रक्रिया झाली तर पाय कामाचा होईल, नाहीतर आखूड राहील.

"गाद्यांच्या ट्रकने हाड मोडलं," मास्तर भेटायला येणाऱ्यांना सांगायचे. "आत गाद्यांवर आदळलो असतो तर झोप लागली असती."

लोक हसायचे. ती शस्त्रक्रिया विम्याच्या पैशावर अवलंबून होती, हे हसणाऱ्यांना माहीत नव्हतं. बायकोला माहीत होतं. ती प्रत्येक वेळी आत जायची.

*

विम्याचा माणूस पहिल्यांदा आला तेव्हा घरात येण्याआधी गाडीकडे गेला. गाडी अंगणात ताडपत्रीखाली होती. त्याने ताडपत्री एका बाजूने वर केली, रुमाल पसरून त्यावर कुशीवर आडवा झाला आणि विजेरी घेऊन पुढच्या बाजूला आत शिरला. बराच वेळ फक्त त्याचे बूट दिसत होते. मग तो उठला, गुडघे झटकले, ताडपत्री होती तशी नीट सारखी केली. पाहुण्याने अंथरूण आवरावं तशी.

घरात येऊन त्याने उशी ठेवली, थोपटली, टेकला.

"मास्तर, तुमच्या बाजूचा ब्रेक तुम्ही दाबला होतात?"

"दाबला."

"लागला नाही."

"लागला असता तर तुम्ही आणि मी इथे बसलो असतो का?"

तो हसला. हसून झाल्यावर त्याने तोंड पुसलं.

"तार तुटलेली नाही. आकड्यातून सोडलेली आहे. टोक गुंडाळून वर बांधलंय, पायात येऊ नये म्हणून. चांगल्या हाताचं काम आहे." त्याने विजेरी खिशात ठेवली. "आदल्या संध्याकाळी गाडी गॅरेजात होती ना?"

"क्लचसाठी. डावा ब्रेकही जरा अडकून धरायला लागला होता. म्हटलं, तोही बघ."

"गॅरेज कुणाचं?"

"मेहुण्याचं."

"म्हणजे वहिनींच्या भावाचं."

बायको पाण्याचे पेले घेऊन दारात आली होती. ती तिथेच थांबली.

"साधं आहे," विम्याचा माणूस म्हणाला. "ब्रेक सोडलेला आहे हे तुम्हाला माहीत नसेल, तर कंपनी तुम्हाला देणार. आणि मग ज्याने न सांगता सोडला त्याच्याकडे वसुलीला जाणार. ते आमचं आम्ही बघू. माहीत असून गाडी काढली असेल, तर मग विषयच संपला. निघताना तपासत नाही का तुम्ही?"

"रोज तपासतो. त्या दिवशी उशीर झाला होता. तसाच निघालो."

"होतं असं. त्याच दिवशी होतं." त्याने मान हलवली. "मग तुम्हाला सांगायचं कुणी होतं?"

टेबलाखाली पाय लादीवर दाबला गेला. बाहेर कोपऱ्यावर काहीच नव्हतं.

"नको वहिनी, पाणी नको," विम्याचा माणूस म्हणाला. मग त्याने पेला घेतला आणि सगळं पाणी प्यायला.

*

भाऊ एका व्हॅनखाली होता. बाहेर फक्त पाय होते, घोट्यापर्यंत ग्रीसने काळे झालेले. ती त्या पायांशी बोलली.

"तू त्या दिवशी फोनवर काय म्हणाला होतास?"

"ताई? कधी आलीस?"

"काय म्हणाला होतास?"

"क्लच झाला. डावा सोडलाय."

"सोडलाय म्हणजे?"

पाय हलले नाहीत. मग चाकांच्या फळीवरून तो सरकत बाहेर आला आणि आडवाच राहून तिच्याकडे बघू लागला.

"सोडलाय म्हणजे सोडलाय. तार काढली. तो धरत होता ना. तसाच ठेवला असता तर चाक जाम झालं असतं. म्हणून म्हटलं, सामान येईपर्यंत सोडून ठेवू."

"मला वाटलं, तेवढा राहू दिलास. बाकी केलंस, तेवढा सोडलास. परीक्षेत प्रश्न सोडतात तसा."

"मी परीक्षा दिली असती तर इथे कशाला असतो." पण तो हसत नव्हता. उठून बसला. "भाऊजींना काय सांगितलंस?"

"डाव्याला हात लावला नाही म्हणून."

त्याने फडकं घेतलं आणि हात पुसायला लागला. एकेक बोट, पेराशी थांबून.

"ताई, ध चा मा केलास."

 कोपऱ्यात हवा भरायचं यंत्र धडधडत होतं, ते आपोआप बंद पडलं.

"मला वाटलं, निरोप पोचला नाही तरी भाऊजी दाबून बघतीलच," तो म्हणाला. "रोज बघतात."

"त्या दिवशी उशीर झाला होता."

"भाऊजींना?" त्याने फडकं झटकलं. "असेल. माणूस आहे." मग दाराकडे बघत म्हणाला, "तो विम्याचा आला होता. आत नाही आला. समोर उभा राहून माझ्या बोर्डाचा फोटो काढला. मी म्हटलं, या, चहा घ्या. म्हणाला, आज नको, पुढे येणं होईलच."

बोर्ड गेल्याच वर्षी लावला होता. त्याआधी चौदा वर्षं भाऊ दुसऱ्याच्या गॅरेजात गाड्यांखाली आडवा झाला होता. अक्षरांचा लाल रंग अजून ओला असल्यासारखा चमकत होता. जाताना तिने बोर्डाकडे वर बघितलं नाही.

*

तिने मास्तरांना सांगितलं ते कपड्यांच्या घड्या घालताना. घडी घालताना समोरच्याकडे बघावं लागत नाही.

"चूक माझीच झाली. तो म्हणाला सोडलाय. मी तुम्हाला सांगितलं, हात लावला नाही."

मास्तर खिडकीशी खुर्चीत होते. सळया घातलेला पाय स्टुलावर, दुसरा जमिनीवर. ती ओरडण्याची वाट बघत होती. बत्तीस वर्षांत ते कशाकशावर ओरडले होते: उघड्या राहिलेल्या नळावर, हरवलेल्या किल्ल्यांवर, रस्त्यात आडव्या येणाऱ्या म्हशीवर.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "क्लच झालाय, डाव्याला हात लावला नाही, सामान नाही म्हणाला. हेच शब्द होते तुझे."

"तुम्ही तेव्हाच बोलला नाहीत."

"बोलून काय होणार होतं? पाय जोडला जाणार होता?"

ती रडली. त्यांनी तिला रडू दिलं. अपघातापासून त्यांचा आवाज एकदाही चढला नव्हता, आणि याचंच तिला कधीकधी दुपारी एकटं असताना दडपण यायचं.

"तुम्ही दाबलात तेव्हा काय वाटलं असेल तुम्हाला," ती म्हणाली. "भरवशाने दाबला असणार."

"सवयीने दाबला." मास्तर बाहेर बघत होते. "पायाला कुठे माहीत होतं."

तिने हातातली चादर चौपदरी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा चौपदरी केली.

*

"इथे बस," मास्तर म्हणाले.

त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताची खुर्ची दाखवली. ती बसली. त्या खुर्चीवर ती कधी बसत नसे, तिची जागा गॅसजवळची. तिथे बसल्यावर तिला कळलं, दोघांचे चेहरे पुढे, एकाच दिशेने: हे गाडीतलं बसणं होतं.

"तो परवा येणार. तुझं म्हणणं लिहून घेणार. काय सांगशील?"

"झालं ते."

"मग सांग."

"भावाचा फोन आला. तो म्हणाला, क्लच झालाय, डावा सोडलाय. मला वाटलं..."

"थांब." तो नेहमीचा आवाज होता, गाडीतला. "मला वाटलं नको. मला वाटलं म्हणालीस की तो तिथेच धरणार तुला. चढावर क्लच अर्धवट धरल्यासारखं होतं ते. गाडी पुढेही जात नाही, मागेही येत नाही, नुसती थरथरते. पुन्हा."

"भावाचा फोन आला. तो म्हणाला..."

"हं."

"डावा सोडलाय."

"नाही. पुन्हा. घाई नाही." त्यांचा उजवा पाय पुढे सरकला. "भावाचा फोन आला. तो म्हणाला, क्लच झालाय, डाव्याला हात लावला नाही. एवढंच. सरळ."

"तो असं नाही म्हणाला."

"तू मला असंच सांगितलंस की नाही?"

"मी सांगितलं. तो नाही म्हणाला."

"एकच आहे ते."

"एकच कसं असेल? मग सगळं त्याच्यावर येईल. हात लावला नाही म्हणाला आणि तार काढून ठेवली, असं होईल."

"तार काढलीच ना त्याने?"

"हो, पण..."

"मग?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्याचं काय होईल?"

"तो तरुण आहे. त्याचे दोन्ही पाय धड आहेत." मास्तर तिच्याकडे वळले आणि मऊ हसले. पन्नास-साठ नापास झालेल्यांना त्यांनी असंच हसून पुन्हा गाडीत बसवलं असेल. "मी तुला काही शिकवत नाहीये. खरं बोलायलासुद्धा सवय लागते, म्हणून म्हणतो. चल, पुन्हा. हळू सोड. एकेक शब्द."

संध्याकाळपर्यंत तिला ते न अडखळता यायला लागलं.

*

औषधांच्या दुकानातली मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मास्तर आत झोपले होते. तिने पट्ट्या, मलम आणि एक नवी कुबडी आणली होती. कुबडीला अजून दुकानाची चिठ्ठी लटकत होती.

"खोलीत नको जाऊस, आत्ताच डोळा लागलाय," बायको म्हणाली. "स्वयंपाकघरात ये."

मुलगी ओट्याला टेकून उभी राहिली. तिच्या कपाळावरचे ओरखडे फिकट झाले होते. परीक्षा तिने दिली नव्हती. गाडीत पुढे बसायचं सोडूनच दिलं होतं, रिक्षातसुद्धा डोळे मिटून बसायची.

"काकू, माझीच चूक. मी ब्रेक मारायला हवा होता. पण सरांचा गुडघा सरळ झालेला दिसला आणि मला वाटलं, झालं, थांबली."

"तुझी काही चूक नाही."

"सगळे असंच म्हणतात. विम्याचे काकापण म्हणाले, तू घाबरू नकोस, तुझ्याकडे कुणी येणार नाही. कुणाकडे जाणारेत मग?"

बायको धुतलेले पेले पुसत होती.

"त्या दिवशी उशीर झाला होता ना तुम्हाला," ती म्हणाली. "घाईत निघालात. घाईतच होतं असं."

"हो ना, माझ्यामुळेच. आमच्या दुकानाचं शटर अडकलं होतं, दोघींनी मिळून कसंबसं वर ढकललं. धावत आले. सर केव्हाचे गाडीत बसून होते. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तर काहीच बोलले नाहीत."

"बसून होते."

"हो. त्यांच्या सीटवर. दार उघडं टाकून, पायाकडे बघत." मुलीने नाक ओढलं आणि हसायचा प्रयत्न केला. "उलट म्हणाले, आज माझा पाय नाही असं समज. आजची गाडी तुझी. एक फेरी मारू आणि परत येऊ, उद्या परीक्षा आहे, चुकवायची नाही. मला इतकं बरं वाटलं, काकू. सर कधी कुणाचं कौतुक करत नाहीत ना."

पेला केव्हाच कोरडा झाला होता. बायको तो पुसत राहिली, फडकं आत घालून, काचेचा कुईकुई आवाज येईपर्यंत.

"हे त्या विम्याच्या माणसाला सांगितलंस?"

"त्यांनी विचारलंच नाही. आणि कौतुक कुणाला सांगायचं असतं का?"

आतल्या खोलीत काहीतरी लादीवर दाबलं गेलं. 

"सर उठले वाटतं," मुलगी म्हणाली.

"नाही. झोपेतही करतात ते."

*

उशी. दोनदा थोपटणं. टेकणं.

"वहिनी, तुमचा वेळ जायला नको म्हणून लिहूनच आणलंय," विम्याचा माणूस म्हणाला. "मास्तर फोनवर बोलले होते. तुम्ही फक्त ऐका आणि बरोबर असेल तर खाली सही करा. नाहीतर खाडाखोड करू, त्यात काय."

त्याने चष्मा लावला.

"माझ्या भावाने फोनवर असे कळवले की, क्लचचे काम पूर्ण झाले असून डाव्या ब्रेकला हात लावलेला नाही. सदर निरोप मी माझ्या पतीस त्याच शब्दांत दिला." त्याने चष्म्याच्या वरून बघितलं. "बरोबर?"

मास्तर पलीकडे बसले होते. नवी कुबडी खुर्चीला टेकवलेली, चिठ्ठी अजून तशीच. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. शिकणारा खरोखरच तयार झाला की शिकवणाऱ्याने त्याच्याकडे बघायचं नसतं, समोर रस्त्याकडे बघायचं असतं, हे ते नेहमी सांगत.

"भावाचा फोन आला," ती म्हणाली.

"हो."

"क्लच झालाय म्हणाला."

"बरोबर. पुढचं लिहिलंय तसंच ना?"

तिने पेन हातात घेतलं. टोपण काढून टेबलावर ठेवलं, ते घरंगळायला लागलं तेव्हा बोटाने थांबवलं.

विम्याच्या माणसाचा फोन वाजला. त्याने नाव बघितलं आणि कंबर धरून उठला. "साहेब आहेत. एक मिनिट. गाडीचा नंबर नीट आलेला नाही फोटोत, तोही काढून घेतो. तुम्ही करा सही, मी आलोच."

तो अंगणात गेला. उशी खुर्चीतच राहिली, मधोमध खड्डा पडलेली.

घरात दोघंच होती. तिने कागदाकडे बघितलं. भावाचं नाव टंकलेलं होतं, आडनावासकट, आणि खाली गॅरेजचा पत्ता.

"तुम्ही रोज दाबून बघायचात," ती म्हणाली.

"उशीर झाला होता. सांगितलंय मी त्याला."

"तिला झाला होता. तुम्ही गाडीत बसून होतात."

मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. कोपऱ्यावर एक मोठी गाडी वळायला लागली होती. माल भरलेली असावी, खिडकीची तावदानं थरथरली. ती टेबलाखाली त्यांच्या उजव्या पायाकडे बघत होती. गाडी जवळ आली, घरासमोरून गेली, आवाज लांब गेला. पाय जागचा हलला नाही. कित्येक आठवड्यांत तो पहिल्यांदाच नुसता पाय होता, लादीवर टेकवलेला.

"एक फेरी होती," मास्तर म्हणाले. "मुलगी तयार होती. माझी गरज पडली नसती."

तिने पायावरची नजर उचलून त्यांच्याकडे बघितलं.

"आणि तू चुकीचा निरोप दिलासच. ते खोटं आहे का?"

"नाही."

"मग सोड आता," मास्तर म्हणाले. हळू, चढावर सांगतात तसं.

बाहेर ताडपत्री ओढल्याचा आवाज झाला. विम्याचा माणूस फोनवर कुणाला तरी हो साहेब, आज होऊन जाईल साहेब, म्हणत होता. तिने टेबलावरचं टोपण उचललं, पेनाला लावलं आणि अंगठ्याने दाबलं. टक् असा छोटा आवाज झाला. मास्तरांनी मान वळवली.

*

त्या सकाळी, मुलगी यायच्या आधी, मास्तरांनी डावा ब्रेक दोनदा दाबून पाहिला होता. एकदा हळू, एकदा झटकन. दोन्ही वेळा तो पोकळ, काहीही न ओढता तळाला जाऊन टेकला.